रुसव्याचा मुलूख

रुसून बसायला आमच्या मुलखाइतकी जुनी आणि मानाची जागा दुसरीकडे क्वचितच सापडेल. वेरूळच्या घृष्णेश्वराची स्थळकथा सांगणारे सांगतात, की कैलासावर शिव-पार्वतींचा सारीपाट रंगला होता, पार्वतीनं डाव जिंकला आणि हरलेले महादेव कुणाला काही न बोलता उठले, ते वाटेतल्या साऱ्या नद्या ओलांडून थेट सह्याद्रीच्या या पठारावर येऊन राहिले. देवाला रुसायला एवढं लांब यावं लागलं याचं मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. कैलासावर रुसायची सोय तरी कुठे होती? नंदी दाराशी बसलेला, भृंगी अंगणात नाचणारा, गणांचा चोवीस तास कालवा, आणि नारद कधी टपकेल याचा नेम नाही. तिथं महादेवांनी नुसतं तोंड फिरवलं असतं तरी संध्याकाळपर्यंत तिन्ही लोकांतून माणसं समजूत काढायला आली असती. म्हणून ते इकडे आले. मग पार्वती भिल्लिणीचं रूप घेऊन एकटीच शोधत आली, रानात दोघांची गाठ पडली आणि मिटलं. मध्ये कुणी नव्हतं म्हणून मिटलं, की मध्ये कुणी नसतानाही मिटलं, हा प्रश्न पुराणं सांगणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. मला पडतो. कारण मी दौलताबादला राहतो, आणि इथं मध्ये कुणी नाही असं कधी होतच नाही.

आमचं गाव किल्ल्याच्या पोटात वसलेलं आहे. अंबरकोट, महाकोट, कालाकोट असे एकाआत एक तट, पुढे खंदक, मग तासून गुळगुळीत केलेला उभा कडा आणि त्या कड्याच्या पोटातून वर नेणारी अंधारी. यादवांनी, बहमनींनी, निजामशाहीनं शत्रू आत येऊ नये म्हणून जे जे सुचलं ते ते केलं. शेजारी आत येऊ नये म्हणून मात्र कुणी काही केलं नाही. गल्लीतली घरं एकमेकांना पाठ लावून उभी आहेत. मधली भिंत एकच, आणि तीही अशी की इकडे खुंटी ठोकली तर तिकडे माती सांडावी. एका घरात मिरचीची फोडणी पडली की दुसऱ्या घरात शिंक येते. अशा ठिकाणी नवरा-बायकोचं भांडण दोघांच्या मालकीचं राहत नाही. ते पहिल्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या हद्दीत जातं.

ज्या भांडणाविषयी सांगतोय त्यातली नावं सांगणार नाही. गल्लीत तशीही नावं कुणी वापरत नाही. नवरा किल्ल्यावर गाइड, म्हणून तो सगळ्यांचा गाइडभाऊ. बायको सगळ्यांची वैनी. पावसाळा सरता सरता किल्ल्यासमोर रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या पाट्या मांडून बायका बसतात, त्यांतल्या एका पाटीमागे वैनी. कच्ची, पिकायला आलेली आणि डोळे उघडलेली अशा तीन राशी त्या बोटांनी नुसतं चाचपून लावतात, आणि गिऱ्हाइकाला 'उद्याला खायचंय का परवाला?' एवढंच विचारतात. दिवसाकाठी त्यांच्या तोंडून जेवढे शब्द निघत असतील, तेवढे गाइडभाऊ मेंढा तोफेपाशी एका श्वासात खर्च करतात. त्यांचा आवाज खास किल्ल्यासाठी घडवल्यासारखा आहे. 'अब ध्यान से देखिए साहब' म्हणून ते मशाल वर धरतात, तेव्हा वटवाघळंसुद्धा जरा सावरून बसत असावीत.

अंधारीतली त्यांची गोष्ट मी पुष्कळदा ऐकली आहे. काळोखात एका ठिकाणी वाट दुभंगते आणि थोडं पुढे दोन्ही वाटा पुन्हा एक होतात. शत्रूचं सैन्य आत शिरलं की त्याचे दोन भाग व्हायचे, आणि पुढच्या वळणावर समोरासमोर आले की काळोखात आपल्याच माणसांना शत्रू समजून एकमेकांना कापायचे. 'राजा का एक सिपाही नहीं लगा साहब, आपस में ही खतम!' इथं पर्यटक 'ओहो' म्हणतात. नव्यानं लग्न झालेली जोडपी तर हमखास म्हणतात आणि एकमेकांचा हात धरतात. गाइडभाऊ इतकी वर्षं मशाल घेऊन त्या वाटेनं जात आहेत, आणि त्या दसऱ्यानंतर स्वतःच्या घरात त्याच वळणावर उभे होते.

भांडण बाराशे रुपयांचं. सीताफळांचा जमाखर्च ठेवायचं काम गाइडभाऊंचं. पैसे वैनींच्या डब्यात. त्या आठवड्याचा हिशेब बसेना. आता गाइडभाऊंच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं सोडून दिलं असतं. पण त्यांची रोजची वाट जनार्दनस्वामींच्या समाधीवरून. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, आणि पैठणहून आलेले एकनाथ त्यांचे शिष्य. एका पैची चूक शोधण्यासाठी एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली, ही गोष्ट ज्या किल्ल्यावर घडली, त्या किल्ल्यावरचा गाइड बाराशे रुपयांवर पाणी कसं सोडणार? तेही दिव्यापाशी बसले. पहाट झाली. टाळी वाजली नाही. वैनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'सापडतील.' कुठे गेले, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, 'सापडतील म्हणलं की.' मग गाइडभाऊ असं काहीतरी बोलले, जे भिंतीपलीकडच्या आजींनाही नीट ऐकू आलं नाही. त्या अर्थी ते फार वाईट असणार, कारण वाईट बोलायचं तेव्हाच माणूस आवाज खाली घेतो. त्यानंतर अबोला.

आमच्याकडच्या अबोल्याला पूर्ण शांतता मानवत नाही. मूल असलं की मुलाच्या तोंडून निरोप जातात. यांचा मुलगा शहरात हॉस्टेलला, तेव्हा निरोप्या म्हणून किल्लाच कामाला आला. संध्याकाळी गाइडभाऊ ओट्यावर बसून समोरच्या तात्यांना, आणि तात्या नसले तर रस्त्यावरच्या विजेच्या खांबाला ऐकवायचे, 'बगा तात्या, हा किल्ला बाहेरून कधी पडला नाही. जवा पडला तवा आतून पडला!' आत चुलीवर भाकरी थापण्याचा आवाज जरा वाढायचा. मग भाकरीच उत्तर द्यायची, 'पोत्यात धान्य हाय का मीठ, ते तरी आधी उघडून बगायचं होतं म्हणावं रामदेवरायानं.'

हे उत्तर साधं नव्हतं. 1296 साली अल्लाउद्दीन खलजीनं देवगिरीला वेढा घातला, तेव्हा रामदेवरायानं धान्य म्हणून गडावर चढवलेली पोती उघडली तर त्यांत मीठ निघालं आणि राजाला तह करावा लागला, ही कथा गाइडभाऊ दिवसातून चारदा सांगतात. बायकोनं ती कधी ऐकली असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते विजेच्या खांबाकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. पहिले अर्थातच तात्या. 2007 साली स्वातंत्र्यदिनापासून राज्यभर महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावोगाव समित्या बसल्या, तंट्यांच्या नोंदी झाल्या, दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर असे त्यांचे प्रकार पाडले, आणि तंटे मिटवणाऱ्या गावांना सरकारनं बक्षिसंही दिली. तात्या तेव्हा हिरिरीनं समितीत होते. पुढे मोहिमेचा जोर ओसरला, तात्यांचा ओसरला नाही. त्यांनी स्वतःच्या खर्चानं एक जाड वही आणली आणि तंटे मिटवणं चालू ठेवलं. वहीत रकाने आखलेले. तारीख, उभय पक्ष, तंट्याचे कारण, तडजोडीचा मार्ग, सह्या. नवरा-बायकोचं भांडण ते 'इतर'मध्ये घालतात. आजी म्हणतात तात्यांचं चुकतं, ते फौजदारीतच घालायला पाहिजे.

दुसऱ्या खाला. त्यांचं माहेर पलीकडचं कागजीपुरा, जिथं तुघलकाच्या काळापासून हातकागद बनत आला असं सांगतात. त्यांच्या सगळ्या शहाणपणाला त्या कागदाचा वास आहे. वैनींजवळ बसून त्या म्हणायच्या, 'सुन बेटा, कागज और मियाँ-बीवी, दोनों को पैले भिगोना पडता. सूखे-सूखे कूटे तो फटतेच.' मग इकडेतिकडे बघून हलकेच, 'जो हुआ सो सच बोल दे उसकू. मरद कू सच बोले तो ठंडा पडता.' वैनी सीताफळाच्या पाटीवरची पानं सारखी करत राहायच्या. काही बोलायच्या नाहीत. खालांना वाटायचं, काय हट्टी बाई आहे!

तिसरा तात्यांचा भाचा, शहरात कायदा शिकणारा. त्यानं आल्या आल्या 1984 चा कौटुंबिक न्यायालय कायदा काढला. त्यात पक्षकाराला वकील उभा करायचा हक्क आपसूक मिळत नाही आणि न्यायाधीशांनी आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो, हे त्याच्या तोंडून ऐकून तात्या हरखून गेले. 'म्हणजे सरकारनं बी पगार देऊन शेजारीच ठिवलेत की!'

या लोकांकडे बघताना एक गोष्ट मला हळूहळू उमगत गेली. समजूत काढायला आलेला माणूस फार वेळ तुमच्या भांडणात थांबत नाही. तो दोन वाक्यं तुमच्याविषयी बोलतो आणि तिसऱ्या वाक्यात स्वतःच्या घरी जातो. तात्या गाइडभाऊंना समजावता समजावता एका जुन्या कंदिलापाशी पोचले. काच कुणी फोडली यावरून तात्यांची मंडळी त्यांच्याशी कधीकाळी अख्खा पावसाळा बोलली नव्हती. 'मी म्हणायचो तूच फोडली, ती म्हणायची तुमीच. आन् मग...' इथं तात्या अडखळले. मग पुढे काय झालं, कोण आधी बोललं, काच खरंच कुणी फोडली होती, हे त्यांना आठवेना. विचारायला जावं तर ती जाऊन बरीच वर्षं झाली. गाइडभाऊंनीच उठून त्यांना पाणी आणून दिलं. त्या संध्याकाळी कोण कुणाची समजूत काढून परतलं हे सांगणं कठीण होतं. तात्यांच्या वहीत त्या कंदिलाची नोंद नाही. ती असती तर सह्यांच्या रकान्यात एकच सही राहिली असती.

मधल्या एका रविवारी वैनींनी पिशवी भरली. माहेर कन्नडकडे. गल्लीला धस्स झालं. आजींनी तेवढ्यात मला हाक मारून सांगितलं, 'काळजी करू नको. हितून गेलेलं मानूस माघारी येतंच.' आजी कधी शाळेत गेल्या नाहीत, पण दौलताबादच्या माणसाला तुघलक शिकवावा लागत नाही. 1327 च्या सुमारास त्यानं राजधानी दिल्लीहून इथं आणली, माणसं, बाडबिस्तरा, फौजफाटा सगळं ओढत आणलं, आणि काही वर्षांत पुन्हा दिल्लीची वाट धरली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर कुणी रुसून घर बदललं नसेल आणि एवढ्या मोठ्या प्रमाणावर कुणी परतलंही नसेल. वैनींचं परतणं त्याहून लवकर झालं. वेरूळ-खुलताबादला जाणाऱ्या सुट्टीच्या गर्दीनं तटाच्या जुन्या दरवाज्यात गाड्या अशा अडकल्या होत्या की ना जीप पुढे सरकत होती ना एसटी. अडकलेल्या गाड्यांतली माणसं खिडकीतून सीताफळांचा भाव विचारायला लागली. वैनींनी पिशवी पायाखाली ठेवली, शेजारणीकडून एक पाटी उसनी घेतली आणि दुपारपर्यंत ती विकून दुसरी मागवली. संध्याकाळी गर्दी ओसरली तेव्हा माहेरी जायला उशीर झाला होता आणि गल्ला भरला होता. त्या घरी आल्या, पैसे डब्यात टाकले आणि डबा गाइडभाऊंच्या समोर जरा आवाज होईल असा ठेवला.

याच दिवसांत पाहुण्यांना घेऊन मी वेरूळला गेलो. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला वेरूळला न्यावंच लागतं, त्यात यजमानाच्या इच्छेचा प्रश्न नसतो. लोक सोळाव्या लेण्याकडे, कैलासाकडे धावतात. मी आधी एकविसाव्यात गेलो. त्याला रामेश्वर म्हणतात, आणि ते कैलासाहून बरंच जुनं, सहाव्या शतकाच्या सुमाराचं. त्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. डाव बहुधा पार्वतीच्या बाजूनं गेलेला आहे, आणि महादेवांच्या हाताकडे बघितलं की वाटतं, ते 'आणखी एकच डाव' म्हणून गळ घालत आहेत. पण त्या दिवशी माझं लक्ष खाली गेलं. खाली गण आहेत. बुटके, ढेरपोटे, उद्योगी. ते नंदीला छळताहेत, त्याची शेपटी ओढताहेत. वर एवढा गंभीर प्रसंग, आणि शेजारपाजार बैलाशी खेळतोय! आधी मला त्यांचा राग आला. मग वाटलं, घरातलं वाजायला लागलं की शेजाऱ्यांना कुठे बघावं ते कळत नाही, आणि ते असं काहीतरी हाताला लागेल ते करत बसतात. आमच्या गल्लीतही त्या दिवसांत भांडी जरा जास्तच घासली जात होती आणि अंगणं दोनदा झाडली जात होती.

मग कैलासात रावण पाहिला. कुबेराकडून हिसकावलेल्या पुष्पकात बसून तो निघाला होता. शिव-पार्वती एकांतात आहेत म्हणून नंदीनं वाट अडवली, आणि चिडलेल्या रावणानं खाली शिरून अख्खा पर्वत हलवला. वर पार्वती दचकून महादेवांना बिलगली आहे, एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे, आणि महादेव अंगठ्यानं पर्वत दाबून शांत बसले आहेत. शिशुपालवध लिहिणाऱ्या माघानं या प्रसंगाचा फार खट्याळ हिशेब मांडला आहे. पार्वती भिऊन आपण होऊन गळ्यात पडली, हे सुख रावणानं महादेवांना मिळवून दिलं, आणि मिळालेल्या वराची त्यानं अशी परतफेड करून टाकली! म्हणजे सल्ला नाही, मध्यस्थी नाही, तडजोडनामा नाही. त्यानं नुसतं घर गदागदा हलवलं. तेही स्वतःच्या रागापायी. पाहुण्यांना मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, 'हत्तीबरोबर फोटो काढू.'

शेजाऱ्यांची दुसरीही एक जात या परिसरात नोंदलेली आहे, ती विसरून चालणार नाही. घृष्णेश्वराची शिवपुराणातली कथा देवगिरी पर्वताजवळच घडते. सुधर्मा आणि सुदेहा हे जोडपं सुखात होतं. मूल नव्हतं, पण सुधर्म्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मग सुदेहा एकदा शेजारणीकडे गेली, तिथं बोलाचाली झाली आणि शेजारीण तिच्या वांझपणावर घसरली. तिथून पुढचं सगळं घडलं. तिनं हट्टानं बहिणीशी नवऱ्याचं लग्न लावलं, मग बहिणीला झालेल्या मुलाचा मत्सर, मग त्या मुलाची हत्या, आणि शेवटी महादेव प्रकट होऊन सगळं सावरतात. एवढं जागृत ज्योतिर्लिंग, पण मुळाशी शेजारणीचं एक वाक्य. म्हणून खाला वैनींच्या कानाशी लागल्या की मला थोडी धास्ती वाटायची. ती धास्ती किती चुकीच्या जागी होती आणि किती बरोबर जागी, हे नंतर कळलं.

शेवटी एका संध्याकाळी तात्यांनी बैठकच बोलावली. गाइडभाऊंच्याच ओट्यावर. तात्या वही घेऊन मध्ये, भाचा शेजारी, खाला आणि आजी उंबऱ्याजवळ, आम्ही काही पुरुष पायऱ्यांवर, शिवाय रस्त्यानं जाता जाता थांबलेले आणि मग बसलेले. गाइडभाऊ एका खांबाशी, वैनी दाराच्या चौकटीत. तात्यांनी प्रास्ताविक केलं. ते लांबलं. मग भाच्याला वाटलं आपण नेमकं बोललं पाहिजे. तो म्हणाला, 'हे बघा, समेट झाला तर चांगलंच. नाही झाला तरी कायद्यात सोय आहे. हिंदू विवाह कायदा, कलम 13 ब. परस्परसंमतीनं घटस्फोट. अर्ज केला की सहा महिने थांबायचं, मग...'

ओटा गप्प झाला. गावात हा शब्द लोकांनी टीव्हीवर ऐकला होता, ओट्यावर नाही. आजींनी 'अगं माय' म्हणून तोंडाला पदर लावला. मी बघत होतो म्हणून दिसलं, की वैनी चौकटीतून पुढे आल्या होत्या आणि त्यांनी गाइडभाऊंच्या शर्टाची बाही मुठीत धरली होती. आपण ती धरली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. गाइडभाऊंना ठाऊक होतं, आणि ते अजिबात हलले नाहीत. भाचा मात्र पुढचं पोटकलम आठवत होता.

मग वैनी भानावर आल्या आणि घाईनं म्हणाल्या, 'च्या टाकते.' एवढ्या माणसांना चहा म्हणजे कपांची जुळवाजुळव, दूध कमी, गाळणी सापडत नाही. गाइडभाऊ मागोमाग आत गेले. भिंत कशी आहे ते मी सांगितलंच आहे. आतून आवाज आला, 'साखर कुठंय?' आणि थोड्या वेळानं, 'डोळ्यासमोर हाय की.' बाहेर तात्यांनी बोट ओठांवर ठेवून सगळ्यांना चूप केलं. एवढ्या माणसांना एका जोडप्याची साखर इतक्या आतुरतेनं ऐकताना मी दुसऱ्यांदा बघेन असं वाटत नाही.

त्या चुपाचुपीत एकट्या खाला बोलत होत्या, कारण त्यांना जरा कमी ऐकू येतं आणि म्हणून हलकं बोलणं जमत नाही. आजींना त्या सांगत होत्या, 'कल पोट्टे का बारावी का फारम भर दिया. किलासवालों के भी देके छुट्टी. पूरे बारा सौ लगे, अल्ला देनेवाली का भला करे.'

गाइडभाऊ नेमके तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात आले होते. एकनाथांनी टाळी वाजवली होती. यांचे दोन्ही हात गुंतलेले. ते खालांकडे बघत राहिले, मग मागे वळून वैनींकडे. वैनींनी डोळ्यांनी एवढंसं 'नको' म्हटलं. बाकी कुणाला काही कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नाही. पुढे खालांचा नातू शिकून पुण्यात नोकरीला लागला, बाराशे रुपये केव्हाच फिटले, आणि मग एकदा वैनींनी आमच्या घरात भाजी निवडता निवडता सांगितलं, की खालांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे पैसे मागितले होते आणि कुणाला सांगणार नाही अशी शपथ घातली होती. 'मग रोज येऊन त्याच मला सांगायच्या, खरं बोल मनून,' त्या म्हणाल्या. 'काय बोलू?'

ट्रे फिरला. चहात साखर दोनदा पडली होती, हे सगळ्यांनी मोठ्या मनानं पिऊन घेतलं. तात्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि तारीख घातली. उभय पक्ष लिहिले. तडजोडीचा मार्ग, 'सामोपचाराने, चहापानानंतर.' मग चष्मा वर करून त्यांनी विचारलं, 'तंट्याचं कारण काय लिहू?'

बाराशे रुपये लिहिले असते तर तात्यांनी पुढे विचारलंच असतं, कुठे गेले होते, कुठे सापडले. वही वहीच असते. वैनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. आणि आमचे गाइडभाऊ, ज्यांनी जन्मात एका वाक्यात कुठली गोष्ट संपवली नाही, ते रिकामा ट्रे काखेत धरून म्हणाले, 'मीठ.'

'मीठ?'

'मीठ. धान्य समजून बसलो होतो. लिवा तुमी.'

वैनींना हसू आलं, ते लपवायला त्या कप गोळा करत खाली वाकल्या. तात्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'मीठ कमी-जास्त होणे', आणि सह्यांसाठी वही पुढे केली. खालांनी कपाळाला हात लावला. 'तोबा! नमक पे से इत्ते दिन मुँह फुला के बैठे?' त्या गाइडभाऊंना म्हणाल्या, आणि मग वैनींकडे वळून, जरा जास्तच रागावून, 'और तू! इत्ती सी बात थी तो मेरेकू बोलना नक्को? मेरे घर में नमक नहीं था क्या?'